पाणसळ

जानेवारीत माझा गुडघा उघडला आणि पुन्हा शिवला.
डॉक्टर म्हणाले, तीन महिने जमिनीवर बसायचं नाही.
सव्वीस वर्षं जमिनीवर बसूनच पोट भरलेल्या माणसाला
हे सांगताना त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं.

गदिनियात त्या दिवसांत साडेतीनलाच दिवे लागतात.
खिडकीतून बंदराची क्रेन अर्धीच दिसते,
आणि बोग्ना, माझी धाकटी, हेडफोन चढवून
भिंती उभ्या करत असते. माऊसने.
सिमेंट नाही, धूळ नाही, एक शिवी नाही.

"बाबा, ही माझी लेव्हल."
मी म्हणालो, लेव्हल तर माझ्या पिशवीत आहे,
पिवळी, मधे हिरवा बुडबुडा.
ती हसली. उठली. खुर्ची माझ्याकडे ढकलली.

पहिली खोली मी गुण्यात केली, कोपरा न् कोपरा.
यंत्राने अर्धा तास चघळली आणि म्हणालं: गळती.
दिव्यापासून एक लाल रेघ निघाली,
टेबलाला वळसा घालून, चौकटीच्या मागून,
केसाएवढ्या फटीतून बाहेर,
जिथे काहीच नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता.
त्या दिवशी मी यंत्राला मानलं.
पाणीही असंच शोधत जातं.
विटेक म्हणायचा, घर गवंड्यापेक्षा पाण्याला जास्त कळतं.

मग फरशी.
बोग्नाने एकाच फरशीचं चित्र दिलं. म्हणाली, ओत.
ओतलं.
अख्खा हॉल भरला, चहाचा ग्लास खाली ठेवेपर्यंत.
माझे नऊ दिवस.
आणि दारात, थेट उंबऱ्याशी, दोन बोटांची कातर!
"मधून सुरू कर गं! कातर कपाटाखाली ढकलायची,
पाहुण्याच्या पायाशी नाही!"
तिने हेडफोन काढला. पुन्हा सांगायला लावलं.
वहीत लिहून घेतलं.
शाळेच्या प्रगतिपुस्तकावर सोडून
माझं नाव तिच्या वहीत पहिल्यांदाच आलं असेल.

पण प्रत्येक फरशीवर तोच तडा होता,
त्याच कोपऱ्यात, त्याच वळणाचा.
एका भट्टीतून निघालेल्या दोन फरशा
सारख्या तडकलेल्या मी आजवर पाहिल्या नाहीत.
म्हणून एकेक फिरवत बसलो. पाव, अर्धी, पाऊण.
"कोण बघणारे, बाबा? लोक धावत असतील.
मागे राक्षस असेल."

माझ्या मागे-पुढे राक्षस नव्हता कधी,
तरी सगळे धावतच गेले फरशीवरून.
कुर्पेवस्काबाईंचं न्हाणीघर, निळी नक्षी, सगळे सांधे एका रेषेत,
त्यांनी आत येऊन विचारलं: टॉवेलची खुंटी कुठाय?

वाजलं आमचं ते एकाच गोष्टीवरून.
भिंतीची जी बाजू दिसत नाही
तिला काही लावायचंच नाही, म्हणते.
यंत्र ती बाजू धरतच नाही.
म्हणालो, मी बाथटबच्या मागेही लावतो.
"का पण?"
मला सांगता येईना.
कधी नळ फुटला तर, असं काहीबाही पुटपुटलो.
ती जेवायला गेली. मी मागची बाजूही भरली.
आठवड्याने पाहिलं, तिने ती काढलेली नव्हती.

मार्चमध्ये जिना केला. चौदा पायऱ्या.
एक पायरी बोटभर उंच झाली होती, तर खेळणारा तिथेच अडायचा,
ढकलला तरी हलेना, म्हाताऱ्या घोड्यासारखा.
ती छाटली. दिवा टांगला. बाहेर आभाळ लावलं,
बंदरावर असतं तसं, धुतलेल्या बादलीच्या रंगाचं.

मग बोग्नाने मला आत सोडलं.

चढलो. उतरलो. पुन्हा चढलो.
आतल्या घरात कुबड्या नाहीत, आणि कुणी दमतही नाही.
नवव्या पायरीवर सवयीने दात आवळले,
काहीच झालं नाही.

वरच्या मजल्यावर थांबलो आणि खाली पाहिलं.
पाय नव्हतेच.
"कुणालाच नसतात, बाबा, करायचं राहूनच जातं,"
मागून बोग्ना म्हणाली, काकडीचं लोणचं चावत.

पाय नव्हते, म्हणून मधे काही येत नव्हतं.
फरशी दिसत होती.
डावीकडची तिसरी पाऊण फिरायला हवी होती,
मी अर्धीच फिरवली होती.